उडणारी खार

कृंतक गणाच्या सायूरिडी कुलातील निशाचर सस्तन प्राणी. घाटावर काही ठिकाणी याला पाक्या म्हणतात. जगात सुमारे ५० जाती. बेळगावजवळच्या वडगावच्या भातशेतीत ही आढळायची नाही. तिला जुन्या, ढोल्या असलेल्या उंच झाडांचे रान लागते. तसे रान दक्षिणेला खानापूर तालुक्यात लागते आणि भीमगडवरून पुढे दांडेलीपर्यंत जाते. दांडेलीच्या जंगलात ती आहे.

इथली जाती पेटाउरिस्टा फिलिपेन्सिस. अंग काळसर तपकिरी, त्यावर पांढुरकी झाक. शेपूट झुपकेदार, धडापेक्षा लांब. पुढच्या व मागच्या पायांमध्ये केसाळ कातडीचा पडदा असतो. मनगटापासून निघालेली कूर्चेची काडी पडद्याची कड ताणून धरते. पंख मारून वर चढणे तिला जमत नाही. उंचावरून झेप घेऊन ती उताराने तरंगते, समोरचे खोड जवळ येताच अंग वर उचलून वेग मारते आणि चारी पायांनी खोडाला बिलगते. दिवस ढोलीत काढते. आहारात फळे, पाने, साल. उंबर विशेष आवडीचा.

या जातीच्या नावाचा उगम याच मुलखाच्या अभ्यासात आहे. मद्रासच्या मुलकी सेवेतला वॉल्टर एलियट (१८०३–८७) १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईनंतर राणी चन्नम्माच्या कैदेत होता. पुढे १८३९ मध्ये त्याने ‘दक्षिण मराठा मुलुखा’तील, म्हणजे धारवाड-बेळगाव टापूतील, सस्तन प्राण्यांची यादी छापली. तिच्यात टेरोमिस फिलिपेन्सिस हे नाव पहिल्यांदा आले. नंतर बराच काळ तिला पेटाउरिस्टा पेटाउरिस्टाची उपजाती मानले गेले. आज ती स्वतंत्र जाती धरतात.

पूर्वी उडणाऱ्या खारींचे वेगळे कुलच मानत. पडद्यासारखा ठळक अवयव पाहता ते स्वाभाविक होते. २००३–०४ मधील जनुकीय अभ्यासांनी मात्र त्या वृक्षखारींच्याच फांदीवर असल्याचे दाखवले, आणि आता त्यांना सायूरिनी उपकुलातील टेरोमायिनी ही जमात मानतात. याचा अर्थ मोठा आहे. कुंपणावरची पट्टेरी खार कॅलोसायूरिनी उपकुलातली, शेकरू रॅटुफिनी उपकुलातला. एकाच सह्याद्रीतल्या या तीन खारी तीन उपकुलांत पडतात, आणि आपल्या पाक्याचे जवळचे नाते युरोप-अमेरिकेतल्या वृक्षखारींशी निघते. शेकरूला उडणारी खार म्हणण्याचा प्रघात म्हणूनच सोडायला हवा. तो नुसत्या उड्या मारतो, त्याला पडदा नसतो.

ऑस्ट्रेलियातील शुगर ग्लायडर दिसायला असाच, पण तो शिशुधानी प्राणी. खारींशी त्याचे नाते नाही.