ओल्या जळणाचा धूर

करोनाच्या लाटांमध्ये ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घराघरांत विचारला गेला. ऑक्सिजन, डी-डायमर, एचआरसीटी स्कोअर यांच्या पंक्तीत ही तीन अक्षरं जाऊन बसली. सीआरपी म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, एवढंही पुष्कळांना ठाऊक झालं. त्यातला ‘सी’ मात्र कुणी विचारला नाही, आणि तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी बसून तो कोण विचारणार? पण या प्रथिनाची सगळी कुळकथा त्या एका अक्षरात आहे. ते अक्षर माणसाच्या शरीरातल्या कशाचंही नाही. ते एका जिवाणूचं आहे.

1930 साल, न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट. ऑस्वल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकॉकस जिवाणूची चिरफाड चालली होती. पेनिसिलिन अजून रुग्णापर्यंत पोचलेलं नव्हतं. जिवाणूचा नेमका प्रकार ओळखायचा आणि त्या प्रकाराविरुद्धचा रक्तरस टोचायचा, एवढाच काय तो उपाय. म्हणून जिवाणूतले घटक एकेक करून वेगळे काढले जात होते. त्यांतला एक शर्करायुक्त अंश सर्व प्रकारांत सारखाच सापडला. त्याला नाव मिळालं ‘सी’. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी रुग्णांचा रक्तरस या ‘सी’त मिसळला, तर तो गढूळ झाला आणि खाली साका बसला. प्रतिपिंड सापडले असं वाटावं, अशीच ही खूण. पण प्रतिपिंड आजाराच्या उत्तरार्धात तयार होतात आणि माणूस बरा झाल्यावरही रक्तात टिकतात. इथे सगळं उलटं होतं. ताप चढलेला असताना साका भरपूर, आणि ताप उतरून माणूस सावरला की तो नाहीसा. शिवाय न्यूमोकॉकसचा संबंधही नसलेल्या आजारांत, उदाहरणार्थ सांधेतापात, तोच साका दिसू लागला. 1941 मध्ये एव्हरी आणि त्यांचे सहकारी अॅबरनेथी यांनी हा पदार्थ प्रथिन आहे आणि त्याला काम करायला कॅल्शियम लागतं, हे दाखवलं. तोवर नाव चिकटून गेलं होतं. ज्याच्याशी पहिली झटापट झाली त्याचंच आडनाव एखाद्याला जन्मभर लागावं, तसं.

हे नाव आपण कसं वाचतो, यावर माझा सगळा मुद्दा आहे. ते प्रथिन काय करतं हे नावात नाही. ते कुठे दिसलं एवढंच आहे. म्हणजे ही जन्मापासूनच एक खूण आहे. न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचं अनुमान करतात. धूर हे तिथे लिंग, म्हणजे चिन्ह. डोंगरावर वणवा आहे की कुणी चूल पेटवली आहे, हे धूर सांगत नाही; आणि धुरामुळे आग लागली, असं तर कुणीच म्हणत नाही. सीआरपीच्या बाबतीत मात्र आधुनिक वैद्यकाला तसं म्हणण्याचा मोह झाला.

त्याला निमित्तही तसंच भक्कम मिळालं. 1997 मध्ये पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या निरोगी पुरुष डॉक्टरांच्या साठवून ठेवलेल्या रक्तात सीआरपी मोजलं. ज्यांच्यात ते सुरुवातीलाच थोडं वरचं होतं, त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त प्रमाणात आला. न्यूमोनियात हा आकडा शंभराच्या वर जातो; इथली बाब होती लिटरमागे एक-दोन-तीन मिलिग्रॅमची. एवढंसं मोजणारी चाचणी ती ‘एचएस-सीआरपी’. प्रथिन तेच, तराजू सोनाराचा. 2003 मध्ये अमेरिकेत एकच्या खाली कमी, एक ते तीन मध्यम आणि तीनच्या वर जास्त धोका अशी प्रतवारी ठरली. याच काळात सीआरपी रक्तवाहिन्यांना स्वतःच इजा करतं, असे प्रयोगही प्रसिद्ध झाले. त्यांतल्या काहींची मौज अशी, की वापरलेलं विकतचं सीआरपी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं होतं आणि त्यात जिवाणूंचं विष व टिकवण्यासाठी घातलेलं रसायन उरलं होतं. पेशींना त्रास झाला तो त्या भेसळीचा. जिवाणूच्या नावाने ओळखलं गेलेलं प्रथिन पुन्हा जिवाणूच्याच करणीने बदनाम झालं.

खरा निवाडा जनुकांनी दिला. काही माणसांत जन्मतःच सीआरपी जास्त बनतं. सीआरपी गुन्हेगार असेल, तर या माणसांना हृदयविकार जास्त व्हायला हवा. 2008 मध्ये कोपनहेगनच्या अभ्यासकांनी हे तपासलं. तसा धोका वाढलेला दिसला नाही. याउलट, यकृताला सीआरपी बनवण्याचा हुकूम देणाऱ्या इंटरल्यूकिन-6 या रेणूची वाट ज्यांच्यात जन्मतःच मंद असते, त्यांना हृदयविकार थोडा कमी होतो, हे 2012 मध्ये दिसलं. दाहाची आग खरी. धूर निर्दोष.

यावर कुणी म्हणेल, 17,802 लोकांच्या ज्युपिटर चाचणीत कोलेस्टेरॉल फारसं नसलेल्या पण सीआरपी दोन किंवा त्याहून जास्त असलेल्या लोकांना रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाचा लाभ झालाच ना? झाला, आणि तो मोठा होता. पण त्यात कमी सीआरपीवाले घेतलेच नव्हते. तेव्हा त्यांना तो लाभ झाला नसता, असं त्या चाचणीवरून म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2017 च्या कँटोस चाचणीत 10,061 रुग्णांमध्ये कॅनाकिनुमॅब हे औषध तपासलं. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी केला आणि मधल्या मात्रेत हृदयघटना सुमारे 15 टक्क्यांनी घटल्या. म्हणजे दाह हे हृदयविकाराचं एक कारण आहे, हे मान्यच करायला हवं. पण ते औषध सीआरपीवर नव्हे, साखळीत त्याच्या बऱ्याच वरच्या इंटरल्यूकिन-1 बीटावर घाव घालतं. आणि त्याची किंमतही दिसली: जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. हीच आग शरीराची राखणही करत असते.

मग सीआरपी या साक्षीदाराचा उपयोग काय? उपयोग आहे, पण त्याची मर्यादा ओळखून. हिरड्यांचा आजार, पोटावरची चरबी, धूम्रपान, नुकतीच झालेली सर्दी, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, सगळ्यांनी हा आकडा वाढतो. कशाने वाढला ते तो सांगत नाही. शिवाय न्यायशास्त्रातलीच दुसरी बाजू इथे लागू पडते. धूर तिथे आग असं म्हणता येतं. आग तिथे धूर असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं जळण लागतं. सीआरपीचं ओलं जळण म्हणजे इंटरल्यूकिन-6 आणि काम करणारं यकृत. ल्युपस या आजारात दाह जोरात असूनही सीआरपी पुष्कळदा जेमतेमच राहतं. आणि करोनाकाळात ज्या टोसिलिझुमॅबसाठी नातेवाइकांनी शहरं पालथी घातली, ते औषध इंटरल्यूकिन-6 चीच वाट अडवतं. ते दिल्यावर सीआरपी झपाट्याने उतरायचं आणि घरच्यांना हायसं वाटायचं. त्यानंतर रुग्णाला नवा जंतुसंसर्ग झाला, तरी आकडा खालीच राहू शकत असे. म्हणून अतिदक्षता विभागातले डॉक्टर त्या उतरत्या आकड्यावर विसंबून राहत नसत. ते रुग्णाचं रक्त कल्चरला पाठवत.