मिडिव्हल २: टोटल वॉर मधील विषम लढाया

मिडिव्हल २: टोटल वॉर हा क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश संस्थेने तयार केलेला आणि सेगाने नोव्हेंबर २००६ मध्ये प्रकाशित केलेला व्यूहरचनाप्रधान व्हिडिओ गेम आहे. त्याचा कालखंड इ.स. १०८० ते १५३० असा आहे. राज्यकारभार नकाशावर पाळीपाळीने चालतो. लढाई मात्र रणांगणावर सलग वेळेत होते. एका सैन्यात जास्तीत जास्त २० तुकड्या असतात. जवळपासची सैन्येही कुमक म्हणून लढाईत उतरत असल्याने एका बाजूचे संख्याबळ दुपटी-तिपटीने वाढू शकते.

अशी विषम लढाई खेळाडू स्वतः न लढता संगणकाच्या हिशेबावर सोपवू शकतो. तथापि त्या हिशेबात पराभव ठरणारी लढाई प्रत्यक्ष लढून जिंकता येते.

== मनोधैर्य ==
लढाईचा निकाल मृतांच्या संख्येपेक्षा तुकड्यांच्या मनोधैर्यावर अधिक अवलंबून असतो. पाठीवर किंवा बगलेवर झालेला हल्ला, थकवा, सेनापतीचा मृत्यू आणि शेजारच्या तुकडीचे पलायन यांमुळे ते खचते. त्यामुळे लहान सैन्याला सर्व शत्रू मारावे लागत नाहीत. एका ठिकाणी सुरू झालेली पळापळ पुढे पसरते. अर्थात हाच नियम लहान सैन्यालाही लागू असून तेथे सेनापती गमावणे बहुधा अधिक महाग पडते. पेटते बाण मनोधैर्य घटवतात, पण त्यांचा नेम कमी अचूक असतो.

== भूमीचा उपयोग ==
पुलावर मोठ्या सैन्याला अरुंद वाटेने यावे लागते व त्याचे संख्याबळ वाया जाते. पूर्वेकडून येणाऱ्या मंगोल सैन्यांविरुद्ध अनेक खेळाडू हाच उपाय योजतात. पलीकडच्या काठावरील घोडेस्वार तिरंदाजांचा मारा मात्र त्याने थांबत नाही. इंग्लंडच्या लांब धनुष्यधारी तुकड्यांना मांडणीच्या वेळी जमिनीत टोकदार खुंट रोवता येतात. त्यांवर चालून येणारे घोडदळ मरते. लढाई सुरू झाल्यावर हे खुंट हलवता येत नाहीत, म्हणून जागेची निवड चुकल्यास ते निरुपयोगी ठरतात.

या रचनेमागे आजँकूरची लढाई आहे. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी पाचव्या हेन्रीच्या संख्येने कमी असलेल्या सैन्याने चिखलाने भरलेल्या शेतात फ्रेंचांचा पराभव केला. ही लढाई खेळात स्वतंत्र ऐतिहासिक प्रसंग म्हणूनही दिलेली आहे.

== युद्धकैदी ==
विजयानंतर कैद्यांना सोडणे, खंडणी मागणे किंवा ठार करणे असे पर्याय मिळतात. मुक्ततेने सेनापतीची उदारता वाढते, तर कत्तलीने त्याची दहशत. शत्रूने खंडणी नाकारल्यास कैदी मारले जातात. आजँकूर येथे हेन्रीने लढाई संपण्यापूर्वीच कैद्यांना मारण्याचा हुकूम दिला होता. खेळात हा निर्णय लढाईनंतरच घेता येतो.