निवेदनातले उस्मानाबाद

आमच्या वाशी तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखले जाते. वर काही उडाले की इकडे मान आपोआप वर होते. अवरक्त किरणांचे माझे वाचन मात्र आकाशातून खाली येणाऱ्या वस्तूपासून सुरू झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे एक निवेदन वाचनात आले. हैदराबादहून सोडलेल्या बलूनची उपकरणे हवाई छत्रीने उतरतील, त्यांना हात लावू नये, पोलिसांना कळवावे, बक्षीस मिळेल. जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबाद होते.

अशा बलूननी १ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण सुमारे ३० किलोमीटर उंचीवर नेली. हवेतली वाफ दूरचे अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून एवढ्या उंचीवर जाणे भाग होते. तारे जिथे जन्मतात तिथली धूळ याच किरणांत उजळ दिसते. ते टिपायला दुर्बिणीत ०.३ केल्विनपर्यंत थंड केलेले बोलोमीटर होते.

१८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि पारा चढला. १८८०च्या सुमारास सॅम्युएल लँगली यांनी प्लॅटिनमच्या पातळ पट्टीचा बोलोमीटर केला. ऊब लागली की पट्टीचा विद्युतरोध बदलतो. पट्टी जितकी पातळ, तितकी ती तापायला ऊब कमी लागते. या विद्येचा पुढचा बराच प्रवास त्याच दिशेने झाला. आज मोटारींच्या अनेक रात्रदर्शी कॅमेऱ्यांत व्हॅनेडियम ऑक्साइडचा नॅनोमीटरमध्ये मोजावा असा थर असतो. तो थंड न करताही अंधारातले जनावर दाखवतो. पारंपरिक सुरम्यातले शिशाचे सल्फाइडही या कामी येते. त्याच्या नॅनोकणांचा आकार बदलला की ते टिपत असलेले किरण बदलतात.

ती दुर्बीण पुन्हा पुन्हा उडाली. १९९९ पासून तिच्यावर जपानी वर्णपटमापकही बसवला गेला. हे शक्य झाले, कारण खाली आलेले यंत्र परत मिळत होते. निवेदनाचा खरा वाचक रानात काम करणारा माणूस होता. समोर पडलेली अनोळखी पेटी न उघडणे, हाच त्याचा संशोधनातला वाटा. शोधनिबंधांत त्याचे नाव येत नाही, आणि गावातली ती आठवणही माणसांबरोबर जाते.

म्हणून वाचकांना विनंती, तुमच्या शिवारात कधी असे काही उतरले असेल, तर पाहणाऱ्यांना विचारून गाव, साल आणि नाव आजच लिहून ठेवा.