आजीची गिनी आणि सत्तरपैकी मार्क

मागच्या शनिवारी आईने कपाट आवरायला काढलं आणि आजीची गिनी हाताला लागली. एका बाजूला राजा पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरून ड्रॅगन मारणारा सेंट जॉर्ज, खाली साल १९१८. सालाच्या जरा वर, रेघेवर, इंग्रजी 'आय' हे बारीकसं अक्षर. म्हणजे इंडिया! पहिल्या महायुद्धात लंडनच्या रॉयल मिंटची एक शाखा मुंबईच्या टांकसाळीत उघडली होती. तिथे अशा सुमारे १३ लाख गिन्या पडल्या, सगळ्या १९१८ याच सालाच्या. म्हणजे आपल्या फोर्टातलं नाणं.

आता भानगड अशी की गिनी एक आणि वारस तीन. बाबा, काका आणि आत्या. विकून वाटणी करावी असं ठरत होतं, तेवढ्यात न्यू जर्सीहून माझ्या मावसभावाचा फोन.

"अरे, सोनाराला देऊ नका! मला पाठव. इथे ग्रेड करून घेऊ, प्लास्टिकच्या डबीत सील करून येतं. मग नेटवर विकू. डबीत गेलं की भाव वाढतो."

"दादा, डबीत घालून सोन्याचं वजन वाढतं का?"

"वजन नाही रे, विश्वास वाढतो."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. रविवार सगळा वाचण्यात गेला. मंडळी, प्रकरण भलतंच मनोरंजक निघालं.

जुन्या नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते. धातू किती, अशी नाणी उरली किती आणि हे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे. अमेरिकेत 'उरली किती' या प्रश्नाचं उत्तर ५ एप्रिल १९३३ ला पार बदललं. मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना सोनं सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. संग्राहकांच्या दुर्मिळ नाण्यांना तेवढी सूट होती. बाकीची नाणी वितळवली गेली. डेन्व्हरच्या टांकसाळीत १९२७ साली २० डॉलरची १ लाख ८० हजार सोन्याची नाणी पाडली होती, आज त्यातली पंधराच्या आसपास माहीत आहेत. अमेरिकनांना सोनं बाळगायची मोकळीक परत मिळाली ती थेट १९७४ च्या ३१ डिसेंबरला.

धातू मोजता येतो, उरलेली नाणी साधारण मोजता येतात. घोळ आहे तो तिसऱ्या गोष्टीत. 'चांगलं' म्हणजे किती चांगलं?

विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली याला आकडा दिला. एक ते सत्तर. त्याने ही पट्टी सोन्यासाठी नाही, तर तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी बनवली होती. हिशोब सरळ होता: एक नंबरच्या नाण्याला एक डॉलर, तर सत्तरच्या नाण्याला सत्तर डॉलर. हा हिशोब लवकरच कोलमडला, पण पट्टी टिकली, आणि पुढे सगळ्याच नाण्यांना लागली. साठ ते सत्तर म्हणजे चलनात न फिरलेलं, कोरं नाणं. त्यातही ६५ आणि ६६ मधला फरक भिंगाखाली शोधावा लागतो, आणि दुर्मिळ सालाच्या नाण्यात तेवढ्या फरकाला हजारो डॉलर पडतात.

आणि हा नंबर द्यायचा कोण? तर खुद्द विकणारा! गिऱ्हाईकाकडून घेताना "हे ६३ आहे हो", आणि तेच विकताना "एकदम ६५ बघा". आपणच कोड लिहायचा आणि आपणच टेस्टिंग करून पास म्हणायचं, तसलाच प्रकार. १९८० मध्ये सोनं ८५० डॉलरला जाऊन आपटलं, त्यानंतर तर कित्येकांना आपली '६५' ची नाणी बाजारात ६३ ची झाल्याचं कळलं.

यावर तोडगा निघाला १९८६ साली. कॅलिफोर्नियात काही व्यापाऱ्यांनी पीसीजीएस ही कंपनी सुरू केली. पुढच्याच वर्षी एनजीसी आली. नाणं कोणाचं आहे हे न सांगता ते जाणकारांना दाखवायचं, प्रत्येकाने वेगळा नंबर द्यायचा, त्यावरून एक नंबर ठरवायचा, आणि नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करायचं. शौकीन तिला 'स्लॅब' म्हणतात. शिवाय नंबर चुकला तर कंपनीची भरपाईची हमी. आता न बघता, फोनवर नाणं घेता येऊ लागलं. १९९५ मध्ये ईबे आलं तेव्हा हा धंदा नेटवर जायला आयताच तयार होता.

पण नंबर हे शेवटी मतच. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसला जाहिरातीतल्या 'वस्तुनिष्ठ' आणि 'सातत्यपूर्ण' ग्रेडिंगच्या दाव्यांबद्दल पकडलं. लोक डबी फोडून तेच नाणं परत पाठवायचे, एखादा नंबर वाढून येईल या आशेने. कधीकधी यायचाही! मग २००७ साली सीएसी निघाली. ग्रेड केलेल्या नाण्याचा ग्रेड बरोबर आहे का ते तपासून डबीवर हिरवा स्टिकर लावणारी. म्हणजे टेस्टरचा टेस्टर. काढली कोणी? तर एनजीसीच्याच एका संस्थापकाने. त्याच सुमारास चीनमधून खोट्या नाण्यांच्या खोट्या डब्या यायला लागल्या, वर खऱ्या नाण्याचे नंबर छापलेल्या. तेव्हा कंपन्यांनी नाण्यांचे फोटो नेटवर ठेवायला सुरुवात केली. विश्वास एक पायरी वर सरकला की लबाडीही मागोमाग वर येते.

आणि कळस ऐका. ज्या शेल्डनने पट्टी बनवली, त्यानेच न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून घेऊन जागी हलके ठेवले होते. तो गेल्यावर कित्येक वर्षांनी हे कोर्टात सिद्ध झालं. चांगलं नाणं कुठलं हे त्याला नेमकं कळत होतं ना!

असो. आमच्या गिनीचं काय? दादाला फोन करून तीन गोष्टी सांगितल्या. एक, आजीने तिला पोतीत ओवायला सोनाराकडून कडी जोडून घेतली होती, तिचा व्रण अजून आहे. दोन, दर दिवाळीला ती रिठ्याच्या पाण्यात घासायची. अशा नाण्याला सत्तरपैकी मार्क मिळत नाहीत, नुसता 'खराब केलेलं' असा शेरा मिळतो. तीन, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनं नाणं परदेशी पाठवताच येत नाही. आमच्या गिनीची शंभरी २०१८ मध्येच भरली.

दादा म्हणाला, "म्हणजे आजीनेच भाव पाडला की रे!"

रविवारी संध्याकाळी तिघं भावंडं सोनाराकडे गेली. काट्यावर आठ ग्रॅमला किंचित कमी भरली, २२ कॅरेट. त्या दिवसाच्या भावाने बाबांनी काकांना आणि आत्याला त्यांचा वाटा दिला, गिनी आमच्याकडे राहिली. आत्या तेवढी म्हणाली, "कडीची खूण बुजवू नकोस हं."

तिघांनाही पटेल असा आकडा सांगणारा तिऱ्हाईत आम्हालाही लागलाच. फक्त आमचा काटा होता. त्याला सोनं तेवढं मोजता येतं. कडीच्या व्रणाचे किती मार्क, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.