मुक्ती आत्म्याची, मालकी देहाची

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीच्या विधिमंडळाने १६६७ साली एक छोटा कायदा केला. बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलाम स्वतंत्र होत नाही, असे त्यात सांगितले होते. हेतूही नमूद होता: मालकांची शंका फिटली की ते गुलामांना निर्धास्तपणे ख्रिस्ती होऊ देतील. ख्रिस्ती धर्म आणि गुलामगिरी यांच्या दीर्घ संबंधाचे मर्म मला या कायद्यात दिसते. गुलामगिरी या धर्माने जन्माला घातली नाही. ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती. पण गुलामाचा आत्मा देवाचा आणि देह मालकाचा, ही वाटणी चर्चने शतकानुशतके मान्य केली. त्या वाटणीच्या आधारावर श्रद्धाळू माणसे गुलाम बाळगत राहिली आणि रविवारी प्रार्थनेलाही निश्चिंत मनाने बसली.

या वाटणीचे बीज आरंभीच्या ग्रंथांतच आहे. प्रेषित पौलाने फिलेमोन नावाच्या गृहस्थाला पत्र लिहून त्याचा गुलाम अनेसिम याला परत पाठवले आणि त्याला गुलाम न मानता प्रिय बंधू म्हणून स्वीकारण्याची विनंती केली. मात्र त्याला दास्यातून मोकळे कर, असे तो स्पष्टपणे म्हणत नाही. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात तर दासांना धन्याच्या आज्ञेत राहण्याचाच उपदेश आहे. बंधुभाव आणि ताबेदारी एकाच ग्रंथात शेजारी शेजारी राहिली, आणि पुढच्या काळाने आपल्या सोयीचे ते उचलले. पोप पाचवे निकोलस यांनी १४५२ साली पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर बिगरख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचे दास करण्याची मुभा दिली. त्याच पोर्तुगिजांच्या गोव्यात सोळाव्या शतकात भर रस्त्यात माणसांचा लिलाव चाले; तिथे राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. गोव्याच्या १५६७च्या धर्मपरिषदेने या प्रश्नाचा विचार केला, तोही कोणत्या कारणाने माणूस गुलाम होणे न्याय्य हे ठरवण्यापुरता. बिगरख्रिस्ती मालकाच्या गुलामाने बाप्तिस्मा घेतला तर त्या मालकाचा हक्क संपावा, असे नियम पोर्तुगीज राजवटीने केले होते. ख्रिस्ती मालकाला मात्र ते लागू नव्हते. म्हणजे बाप्तिस्म्याने बेडी तुटू शकते हे सत्ताधाऱ्यांना ठाऊक होते. कोणाच्या घरातली तुटू द्यायची, हे त्यांनी निवडले.

ही वाटणी व्यवहारात कशी चाले, हे कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर स्वच्छ दिसते. ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन या श्रीमंत मळेवाल्याने १७१० साली मरताना आपले उसाचे मळे इंग्लंडच्या चर्चशी जोडलेल्या एका धर्मप्रसारक संस्थेला दिले. त्यांतल्या गुलामांना धर्म शिकवावा, अशीही इच्छा त्यामागे होती. संस्थेने मळे चालवले, साखर विकली आणि आरंभीच्या काही वर्षांत गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्दही डागला. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द केली, तेव्हा मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर केले. या संस्थेला ४११ माणसांपोटी ८,८२३ पौंड मिळाले. सुटलेल्या माणसांच्या हाती एक पैसाही पडला नाही. आत्म्याच्या उद्धारासाठी उभी राहिलेली संस्था देहाची किंमत वसूल करून मोकळी झाली, आणि तिच्या हिशेबात यात काही विसंगती नव्हती.

त्या काळी सगळेच असे होते, आजच्या मापाने त्यांना का मोजावे, असा आक्षेप इथे येतो. पण माप त्यांच्याच हाती होते. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने प्रवचनात मालकांना विचारले होते की देवाच्या प्रतिमेची किंमत तुम्ही कोणत्या नाण्यात मोजली. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन येथे १६८८ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी माणसांच्या खरेदी-विक्रीचा लेखी निषेध केला. आणि मालकांचे मन खरोखर निःशंक असते, तर व्हर्जिनियाला तो कायदा करावाच लागला नसता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गुलामगिरी संपवणारेही ख्रिस्तीच होते. हे खरे आहे, आणि क्वेकरांचे किंवा ब्रिटिश संसदेत गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्सचे श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी आत्मा आणि देह यांची ती वाटणीच नाकारली. पण ती सर्वांत ठामपणे नाकारली खुद्द गुलामांनी. लंडनमध्ये १८०७ साली त्यांच्यासाठी छापलेल्या बायबलमधून मोशेने आपल्या लोकांना मिसरच्या दास्यातून सोडवल्याची कथा गाळली होती, यावरून मालकवर्गाची भीती कळते. जमैकात सॅम शार्प हा गुलाम बाप्टिस्ट मंडळीचा सेवक होता. बायबल वाचून त्याने निष्कर्ष काढला की कोणालाही दुसऱ्यावर मालकी नाही, आणि १८३१च्या नाताळात मजुरी मिळाल्याशिवाय काम न करण्याचा संप उभारला. त्या संपाचे बंड झाले, हजारो गुलाम त्यात उतरले, तीनशेहून अधिक जणांना मृत्युदंड झाला. मे १८३२मध्ये शार्पलाही फाशी दिले. पुढच्याच वर्षी संसदेचा कायदा आला. साखरेचा नफा घटला म्हणून गुलामगिरी गेली, असे इतिहासकार एरिक विल्यम्स यांनी १९४४च्या ग्रंथात मांडले. ते कारण कायद्याच्या मुहूर्तावर प्रकाश टाकते. शार्प फासावर का चढला, हे मात्र नफ्याच्या आकड्यांतून उलगडत नाही.

पुण्यात मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. त्यांनी गौरव केला तो माणसाला प्रत्यक्ष बंधनातून सोडवणाऱ्या कृतीचा. आणि स्वतः मागणी केली ती शाळेची, याच जन्मातल्या हक्कांची. ख्रिस्ती धर्माच्या या इतिहासाकडेही त्याच कसोटीने पाहावे लागते. कॉड्रिंग्टनच्या मळ्यावरची संस्था आणि सॅम शार्प एकच ग्रंथ वाचत होते. एकाने देवापुढची समता मृत्यूनंतरसाठी राखून ठेवली, दुसऱ्याने ती मजुरीच्या रूपात इथेच मागितली. कोणताही धर्म समतेचा आहे की नाही, हे ठरवताना तो आत्म्याला काय देऊ करतो एवढ्यावर थांबून चालणार नाही. राबणाऱ्या देहावर, त्याच्या मोबदल्यावर आणि त्याच्या लेकरांवर कोणाचा हक्क तो मान्य करतो, हे विचारलेच पाहिजे.