लॅपटॉपच्या उष्णतेचा इतिहास : मोलाचे यंत्र कोणते?

१/
लॅपटॉप घेताना बहुधा तीन आकडे पाहिले जातात : किंमत, मेमरी आणि प्रोसेसरचा वेग. चौथी बाब जाहिरातीत क्वचितच आढळते. आत निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्याची त्या यंत्राची ताकद किती? गेल्या चार दशकांचा इतिहास चाळला, तर मोजलेल्या पैशांचे चीज होणार की नाही, हे पुष्कळदा याच प्रश्नाने ठरवलेले दिसते.

२/
१९८२ साली अमेरिकेत ‘ग्रिड कंपास’ हा संगणक बाजारात आला. पडदा मिटून कीबोर्डवर टेकवता येईल, ही त्याची रचना बिल मॉग्रिज या ब्रिटिश अभिकल्पकाची. कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. ते यंत्राचे रक्षण करी आणि आतील उष्णता शोषून बाहेरच्या हवेत सोडीही. किंमत होती ८,१५० डॉलर. सामान्य ग्राहकाच्या आवाक्यापलीकडची.

३/
पुढे ‘नासा’ने हाच संगणक स्पेस शटलमधून अंतराळात नेला. तेथे एक अडचण उभी राहिली. पृथ्वीवर गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा थंड हवा घेते. वजनरहित अवस्थेत हे घडत नाही. गरम हवा यंत्राभोवतीच साचून राहते. त्यामुळे त्यात पंखा बसवावा लागला. यंत्र तेच, भोवतालची हवा बदलली आणि त्याची गरजही बदलली.

४/
याच सुमारास इंग्लंडमधील केंब्रिज येथे ‘एकॉर्न’ या छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर एका नव्या प्रोसेसरची आखणी करत होते. प्रोसेसर सिरॅमिकच्या वेष्टनात बसवणे खर्चिक होते. प्लॅस्टिकचे वेष्टन स्वस्त, पण त्यातून उष्णता सहज बाहेर पडत नाही. म्हणून प्रोसेसरने एका वॉटहून कमी वीज घ्यावी, असे उद्दिष्ट ठरले. काटकसरीतूनच थंडपणाचा मार्ग निघाला.

५/
२६ एप्रिल १९८५ रोजी पहिली ‘आर्म’ चिप चालू झाली. वीज मोजताना मापकाचा काटा शून्यावर! शोध घेता कळले, की मुख्य वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर जोडण्यांमधून झिरपणाऱ्या विजेवरच चिप काम करत होती. आज जगभरच्या मोबाइलमध्ये याच चिपचे वंशज आहेत.

६/
लॅपटॉपचा बाजार मात्र वेगाच्या आकड्यामागे धावला. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटवला, तर तेवढ्याच जागेत उष्णता वाढत नाही. तीन दशके उद्योग या नियमावर निर्धास्त राहिला. पुढे ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली.

७/
२००४ मध्ये ‘पेंटियम ४’ ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. त्याची उष्णता ११५ वॉटच्या घरात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने त्याचा नियोजित वारस ‘तेजस’ रद्द केला. डेस्कटॉपसाठी घडवलेले ‘पेंटियम ४’ काही लॅपटॉपमध्येही बसवले गेले होते. ग्राहकाच्या पदरी पडले ते जाड अंग, पंख्याची घरघर आणि लवकर संपणारी बॅटरी.

८/
उत्तर आले इंटेलच्याच इस्रायलमधील हैफा येथील गटाकडून. मार्च २००३ मधील ‘पेंटियम एम’चा १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सुमारे २५ वॉटमध्ये चाले, आणि अनेक कामांत कितीतरी अधिक गिगाहर्ट्झच्या ‘पेंटियम ४’ची बरोबरी करी. लहान आकडा सरस असू शकतो, ही गोष्ट ग्राहकाच्या गळी उतरवणे तेव्हा सोपे नव्हते.

९/
नोव्हेंबर २०२० मध्ये ‘आर्म’च्या घराण्यातील ‘एम१’ घेऊन अ‍ॅपलचे दोन लॅपटॉप आले. ‘मॅकबुक एअर’मध्ये पंखा नव्हता, १३ इंची ‘प्रो’मध्ये होता. चिप एकाच जातीची. थोड्या वेळाच्या कामात फरक जाणवेना. दीर्घ, जड कामात मात्र ‘एअर’ स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करी. कागदावरचा वेग म्हणजे क्षणभराची झेप; सलग काम किती होईल, ते उष्णतेची वाट ठरवते.

१०/
या इतिहासातून खरेदीचे काही निकष निघतात. प्रोसेसरच्या नावाबरोबर तो किती वॉटवर चालवला आहे, ते पाहावे. महागडा प्रोसेसर अतिपातळ अंगात कोंबला असेल, तर त्याहून साधा, पण मोकळा श्वास घेणारा लॅपटॉप पुष्कळदा अधिक मोलाचा ठरतो. अर्धा तास सलग जड काम दिल्यावर वेग किती टिकतो, हे सांगणारे परीक्षण वाचावे. साफसफाईसाठी तळ सहज उघडता येतो का, याचीही चौकशी करावी.

११/
घेतल्यानंतर जपणेही आलेच. गादी-उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची तळाची झरोके बुजतात. तो कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावा, मागची बाजू किंचित उचललेली. आतील पात्यांवर धूळ आणि कापसाचे तंतू साचतात. थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते. दोन्हींची वेळोवेळी जाणकाराकडून निगा राखावी.

१२/
अनेक लॅपटॉपसाठी भोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगितलेली असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. शटलमधील ‘ग्रिड कंपास’ने शिकवलेला धडा तेथे दर उन्हाळ्यात नव्याने लागू होतो : यंत्र निवडताना ते ज्या हवेत चालणार, ती हवाही हिशेबात धरावी लागते.