नंबरी पिस्तूल: .32 बोअरची सव्वाशे वर्षांची गोष्ट

राजगुरूंवरच्या भागानंतर अमरावती-अकोल्याकडच्या पोरांचे बरेच मेसेज आले. त्यातला एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत होता. "दादा, त्या काळातलं ते छोटं, अख्खं लोखंडी पिस्तूल आज विकत घेता येतं का?" उत्तर आहे, हो, येतं. पण कसं, आणि आपल्या देशात ते इतकं महाग का, हे समजायला आधी थोडा इतिहास बघावा लागतो.

सुरुवात बेल्जियमपासून करू. 1899 च्या सुमारास जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसानं तिथल्या एफएन कंपनीसाठी एक छोटं काडतूस आणि ते झाडणारं खिशात मावेल असं पिस्तूल तयार केलं. हेच ते .32, म्हणजे 7.65 मिमी. 1903 मध्ये कोल्ट कंपनीनं त्याच्याच डिझाइनचं पॉकेट पिस्तूल काढलं. पूर्ण पोलादी, वजन साधारण पाऊण किलोच्या आत, .32 मध्ये मॅगझिनला आठ गोळ्या. याचा घोडा आत लपलेला असतो, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. मुठीच्या मागे एक सेफ्टी असते. मूठ घट्ट धरल्याशिवाय चाप दाबला तरी गोळी सुटत नाही. गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, आणि स्प्रिंग तिला पुढे ढकलते तेव्हा नवी गोळी आत बसते. इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला हे बघताना मजा येते. एवढे थोडे भाग, आणि प्रत्येकाला नेमून दिलेलं काम.

आता आपल्याकडे या. 1878 च्या आर्म्स ॲक्टनं हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं बंद केलं होतं. युरोपियनांना मात्र सूट होती. त्यामुळे क्रांतिकारकांचं प्रत्येक पिस्तूल म्हणजे चोरवाट, पैसा आणि जिवाची जोखीम. 1909 मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली. त्याच वर्षी 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंगमधूनच. पुढे 1925 मध्ये काकोरीला सरकारी खजिना लुटला गेला, तोही शस्त्रांसाठी पैसा उभा करायला.

मग येतात राजगुरू. मूळचे खेडचे, पण काही काळ आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात व्यायामाचं शिक्षण घेतलेले. 17 डिसेंबर 1928 ला लाहोरमध्ये साँडर्सवर पहिली गोळी त्यांनी झाडली. पाठोपाठ भगतसिंगांनी. भगतसिंगांच्या हातात होतं .32 बोअरचं कोल्ट, नंबर 168896.

तो नंबर मी मुद्दाम सांगतोय, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. हे पिस्तूल पुराव्यात जमा झालं आणि पुढे पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात गेलं. 1969 मध्ये ते तिथून इंदूरच्या बीएसएफच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात पोचलं. गंजू नये म्हणून त्याला काळा रंग फासलेला होता. वर्षानुवर्षं लोक त्याच्यासमोरून गेले, कुणाला पत्ता नाही. 2016 मध्ये रंग खरवडल्यावर खालचा नंबर दिसला, तो लाहोर खटल्याच्या कागदांशी जुळला, आणि एका जुन्या लोखंडाचा राष्ट्रीय ठेवा झाला. आज ते हुसैनीवालाच्या संग्रहालयात आहे. आझादांचं कोल्ट बघायचं असेल तर प्रयागराजच्या म्युझियममध्ये जा. डेटाबेसमध्ये जशी प्रायमरी की, तसा पिस्तुलाचा नंबर. तो गेला की वस्तू राहते, ओळख जाते.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा आर्म्स ॲक्ट आला. इंग्रज-हिंदी असा भेद गेला, परवाना राहिला. 9 मिमी, .45 असे लष्कर-पोलिसांचे बोअर सामान्य माणसाला बंद. उरलं काय, तर मुख्यतः .32. म्हणजे 1899 चं काडतूस आपल्याकडे आजही चालू मॉडेल आहे! सरकारी इशापूर कारखान्याचं 'अशनी' पिस्तूल याच बोअरचं. त्यात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी शस्त्रांची आयात थांबली. त्यामुळे देशात आधीच असलेलं कोल्ट, वॉल्थर किंवा वेब्ली आज काही लाखांत जातं. दुसऱ्या देशात जे जुन्या बाजारात मिळतं, ते इथे वारसाहक्काच्या शेतासारखं हातोहात फिरतं.

घ्यायचं असेल तर रस्ता असा. वय किमान 21. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून अर्ज आयुक्तांकडे. अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. कारण द्यावं लागतं, पोलीस चौकशी होते. आपल्याकडे रानडुक्कर आणि रोही पीक उद्ध्वस्त करतात म्हणून बंदुकीचा परवाना मागणारे शेतकरी आहेत, पण त्या कामाला पिस्तूल उपयोगाचं नाही, हेही लक्षात घ्या. दुसऱ्या परवानाधारकाकडून घेताना विकणाऱ्यानं आधी लेखी कळवून 45 दिवस थांबायचं असतं. शस्त्रावरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. "जुनं आहे, अँटिक आहे" म्हणून सूट नाही. गोळी सुटत असेल तर परवाना लागतोच. 2019 पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं.

आणि आता महत्त्वाचं. मेळघाट ओलांडला की बुऱ्हाणपूर. तिथल्या पाचोरी गावाचं नाव देशी पिस्तुलांच्या बातम्यांत सारखं येतं. ते पिस्तूल स्वस्त असतं, रीलमध्ये झकास दिसतं, आणि त्यावर नंबर नसतो. काही पोरं म्हणतात, "काऊन भाऊ, क्रांतिकारकांकडं तरी कुठं लायसन होतं?" बावा, त्यांच्याकडे नव्हतं कारण कायदाच त्यांना माणूस मानत नव्हता. आणि त्याची किंमत त्यांनी फासावर जाऊन मोजली, 23 मार्च 1931 ला. तुझ्याकडे अर्ज करायचा हक्क आहे. कमरेला कट्टा खोचून वरातीत हवेत गोळी झाडणं आणि राजगुरूंचा फोटो स्टेटसला ठेवणं, या दोन गोष्टी एकत्र जात नाहीत. वरातीतल्या गोळीबाराला आता कायद्यात वेगळी शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

जुन्या पिस्तुलाची खरी मजा कशात आहे, असं मला विचाराल तर मी म्हणेन, ते वाचण्यात. स्लाइडवरची पेटंटची तारीख, कारखान्याचा शिक्का, झिजलेली मूठ, आणि तो नंबर. परवान्यानं घ्या, रेंजवर चालवा, स्वच्छ करून कुलपात ठेवा. नाहीच घेता आलं, तर प्रयागराज आणि हुसैनीवाला आपल्यासाठी उघडे आहेत.

तुमच्या घरात आजोबांचा जुना शस्त्र परवाना असेल, तर त्यावरचं साल आणि बोअर तेवढं कळवा, नाव-नंबर नको. त्यावर पुढचा भाग करू. भेटू मग!